नकाशा त्यांचा, अर्थही त्यांचाच: सहभागी संशोधनाचा माझा अनुभव

पीएच.डी.साठी मी नवी मुंबईत, बेलापूरजवळच्या एका कोळीवाड्यात, खाडीवर पोट असलेल्या स्त्रियांच्या कामाचा अभ्यास केला. गावाचे नाव येथे देत नाही. ते प्रबंधातही द्यायचे नाही, असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले होते. प्रश्नावली घेऊन दारोदार जाण्याऐवजी सहभागी पद्धत, म्हणजे प्रश्न ठरवण्यापासून अर्थ लावण्यापर्यंत लोकांना सोबत घेणारी पद्धत, निवडण्यामागे या परिसराचा इतिहास होता. १९७० मध्ये सिडको या सरकारी शहर-नियोजन महामंडळाची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. ज्या गावांनी दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांचे परिणाम दोन पिढ्या सोसले, तिथे आणखी एक मोजणी करणारी व्यक्ती म्हणून जाणे मला योग्य वाटले नाही.

पहिली अडचण गावात नव्हे, विद्यापीठात आली. नैतिकता समितीच्या अर्जात अंतिम प्रश्नावली जोडणे बंधनकारक होते, आणि सहभागी संशोधनात प्रश्नच मुळी लोकांबरोबर बसून ठरायचे असतात. मी समितीपुढे कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस या अभ्यासकांचे उदाहरण ठेवले. चीनच्या युनान प्रांतातील ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे देऊन त्यांनी १९९० च्या दशकात ‘फोटोव्हॉइस’ ही पद्धत विकसित केली आणि कोणती छायाचित्रे चर्चेला घ्यायची, याची निवडही त्या स्त्रियांवरच सोपवली. शेवटी समितीने दोन टप्प्यांत परवानगी देण्याचे मान्य केले: आधी ओळख आणि विषयनिश्चितीसाठी, आणि बायकांनी प्रश्न ठरवल्यावर उरलेल्या कामासाठी. ज्यांना अशी पद्धत वापरायची आहे, त्यांनी ही दोन टप्प्यांची मागणी पहिल्याच अर्जात करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

गावात आम्ही देवळाच्या मंडपात बसत असू, तेही बाजार आटोपल्यावर, दुपारी. फरशीवर खडूने गाव काढायचे होते. रस्त्यापासून किंवा स्टेशनपासून सुरुवात होईल, अशी माझी अपेक्षा होती. पण एका मावशींनी आधी खाडी काढली, मग धक्का, मग तिवरांची रांग, आणि त्यानंतर जवळा वाळत घालण्याची जागा इतकी मोठी काढली की घरांना कोपराच उरला. सुनेच्या वयाच्या एकीने ती जागा आता एवढी राहिली नसल्याचे सांगून खडूची रेघ आत घेतली. मावशींनी ती पुसून पुन्हा बाहेर नेली. त्यावर बराच वेळ वाद झाला आणि मी दोन्ही रेघा तशाच ठेवण्याची विनंती केली, कारण वाळवणाची जागा कोणाच्या आठवणीत किती उरली आहे, हे त्या दोन रेघांमधल्या पट्ट्यात दिसत होते. एकेकटीच्या मुलाखतीत हा पट्टा माझ्या हाती लागला नसता.

वर्षाचे वेळापत्रक करताना मी बारा महिन्यांचा तक्ता आखून नेला होता. तो बायकांनी बाजूला सारला आणि तिथीप्रमाणे चिंचोके मांडले. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते तेव्हा ओहोटीही लांब जाते, चिखल जास्त उघडा पडतो आणि चिंबोऱ्या, शिंपल्या हाताने गोळा करता येतात. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी फारसे हटत नाही आणि हातात पैसाही कमी येतो. घरखर्च, उसनवारी, मुलांच्या शिकवणीची फी या सगळ्यांचा ताल पंधरवड्याचा होता. माझ्या आखलेल्या तक्त्यात या चढउतारांची महिन्याची सरासरी तेवढी उरली असती.

छायाचित्रांच्या बाबतीत मात्र सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागली. मोबाइल प्रत्येकीकडे होते, त्यामुळे साधनाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो चौकटीत आलेल्या इतर माणसांचा. संमतिपत्रावर एकदा सही घेतली की संशोधकाची जबाबदारी संपते, हे मला पटत नाही. म्हणून प्रत्येक छायाचित्र वापरण्याआधी पुन्हा विचारायचे आणि नकार आल्यास कारण न विचारता ते काढून टाकायचे, असा नियम बायकांनीच केला. या नियमामुळे काही अत्यंत बोलकी छायाचित्रे प्रबंधाबाहेर राहिली आणि ती बाहेर राहिली हेच बरोबर होते.

शेरी अर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासक. त्यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणे आणि मत विचारणे या त्यांच्या मते केवळ दिखाऊ सहभागाच्या पायऱ्या. खरी सत्ता भागीदारीपासून सुरू होते. ही शिडी आपल्याकडच्या अनेक ‘सहभागी’ अभ्यासांना लावून पाहावी, असे मला वाटते. माहिती लोकांकडून गोळा करायची आणि अर्थ लावायला मात्र ती विद्यापीठात न्यायची, ही भागीदारी नव्हे. म्हणून विश्लेषणही आम्ही मंडपातच केले. उताऱ्यांच्या छापील पट्ट्या मी मोठ्याने वाचत असे आणि बायका त्यांचे गठ्ठे लावत. मी ‘उपजीविका’ या एका मथळ्याखाली ठेवलेल्या पट्ट्यांचे त्यांनी तीन भाग केले: खाडीतले काम, बाजारातले काम आणि ‘कोणी काम म्हणत नाही ते काम’. जाळी नीट करणे, मासळी निवडणे, वाळवणाची राखण करणे हे सारे तिसऱ्या गठ्ठ्यात गेले आणि प्रबंधाचे सर्वांत मोठे प्रकरण त्यावरच उभे राहिले.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी विचारले, की वर्गीकरण सहभागींनी केले असेल, तर प्रबंधातले संशोधकाचे योगदान कोणते. मी मंडपातल्या सत्रांची टिपणे पुढे ठेवली आणि कोणता गठ्ठा कोणी, कोणत्या वादानंतर लावला आणि त्यावरून माझा सैद्धांतिक युक्तिवाद कसा बदलत गेला, हे पानोपानी दाखवले. परीक्षकांनी ती टिपणे परिशिष्टात समाविष्ट करण्याची सूचना केली. नकाशाची मोठी छापील प्रत गावातल्या महिला बचत गटाकडे आहे आणि वाळवणाच्या जागेसाठी केलेल्या अर्जाला त्यांनी ती दोन्ही रेघांसह जोडली आहे.