नळीतलं पांढरं कडं

ग्रॅहॅमचा नियम फळ्यावर शिकवायला दहा मिनिटं पुरतात. वायूच्या विसरणाचा, म्हणजे पसरण्याचा, वेग रेणुवस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, की झालं. अमोनिया १७, हायड्रोजन क्लोराइड ३६.५, भागाकाराचं वर्गमूळ १.४६, म्हणजे अमोनिया तितक्या पट वेगाने पसरणार. अकरावीची पोरं उतरवून घेतात आणि परीक्षेपर्यंत वही उघडत नाहीत. म्हणून यंदा प्रयोग वर्गासमोर करायचाच असं ठरवलं.

मांडणी सोपी. मीटरभर लांब काचेची नळी स्टँडवर आडवी धरायची. एका तोंडाशी अमोनियात भिजवलेला कापसाचा बोळा, दुसऱ्या तोंडाशी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा. दोन्ही वायू भेटतात तिथे अमोनियम क्लोराइडचं पांढरं कडं उमटतं. म्हणजे नवसागरच, कल्हईवाल्याच्या भांड्यातून भपकन धूर उठतो, तोच.

खरा जीव जातो तयारीत. आमच्या प्रयोगशाळेतले मामा या कामात मुरलेले. म्हणाले, "मॅडम, नळी आतून कोरडी ठाक हवी, नाहीतर दोन्ही वायू पाण्यातच मुरतील आणि तुम्ही बघत बसाल." मग हेअर ड्रायर आणून नळी वाळवली. लिकर अमोनियाची, म्हणजे अमोनियाच्या पाण्यातल्या तीव्र द्रावणाची, बाटली त्यांनी आधी बर्फात ठेवली, कारण उन्हाळ्यात तिच्यात दाब साचतो आणि झाकण फिरवताच तोंडावर फवारा येतो. चष्मे, हातमोजे, पंखा बंद, खिडक्या उघड्या. बुचं दोन्हीकडून एकाच क्षणी बसायला हवीत. एका टोकाला मी, दुसऱ्याला मामा, "तीन" म्हणताच दाबायचं.

आणि मग काहीच होत नाही. मिनिटं जातात. मागच्या बाकावरून प्रश्न आला: "मॅडम, अमोनियाचा रेणू सेकंदाला साडेसहाशे मीटर पळतो म्हणालात. मग मीटरभर नळीला एवढा वेळ?"

असा प्रश्न यावा म्हणून तर प्रयोग करायचा! बॉइज बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८५८ साली हीच हरकत घेतली होती: रेणू इतके वेगवान, तर खोलीच्या टोकाला वास पोचायला वेळ का लागतो? त्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियसने उत्तर दिलं. रेणू सरळ पळतच नाही. हवेत तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी अंतर जातो न जातो तोच दुसऱ्यावर आदळतो, दिशा बदलते. सेकंदाला अशा अब्जावधी टकरा. ऐन यात्रेत मंदिराकडे निघालेल्या माणसासारखी गत. पाय भराभर चालतात, माणूस तिथेच.

तेवढ्यात एकीने बोट दाखवलं. आधी विरळ धूर, मग नीट कडं. अमोनियाच्या टोकापासून मोजलं तर ५६ सेंटिमीटर. नियमाने यायला हवं होतं ५९च्या पुढे. गुणोत्तर निघालं १.२७. लगेच कुजबुज, "मॅडम, जर्नलमध्ये ५९ लिहायचं ना?" याची मला खरंच चीड आहे. जर्नलमध्ये बरोबर उत्तर लिहायची सवय आपणच लावली आहे. छप्पनच लिहायला लावलं.

कारण ग्रॅहॅमने १८३३ साली मांडलेला नियम प्लास्टर ऑफ पॅरिसच्या बुचातून झिरपणाऱ्या वायूंवरचा आहे. बुचाच्या सूक्ष्म छिद्रांतून जाताना ज्याचा त्याचा वेग चालतो. आमच्या नळीत मात्र आधीच हवा भरलेली. दोन्ही वायूंना तिच्या रेणूंशी टकरा घेतच पुढे सरकायचं. हवेचं सरासरी रेणुवस्तुमान २९ धरून या टकरांचा हिशेब केला, तर केवळ वस्तुमानामुळे पडणारा फरक सव्वा पटीच्या आसपास येतो. आमचा आकडा त्याच्या जवळचा. तरी तो अगदी अचूक आहे असं मी म्हणणार नाही. वायू वाटेत काचेला चिकटतो, कडं रुंद असतं, त्याची नेमकी कोणती कड मोजायची यावरूनच पोरांत वाद झाला.

आवरणं सोपं. नवसागर पाण्यात सहज विरघळतो, नळी खळखळून धुतली की झालं. बोळे तेवढे वेगवेगळ्या बादल्यांत, भरपूर पाण्यात टाकायचे. एकाच टोपलीत गेले तर वर्गभर नवसागराचा धूर, आणि शेजारच्या वर्गाची तक्रार प्राचार्यांकडे.