फक्त हॉरिझाँटलच गायब: डिशच्या दुरुस्तीची पुढची नोंद

मंडळी, पहाटे दडी मारणाऱ्या चॅनेलांचा छडा लागला. लक्षणं आठवत असतील: सकाळी रिसीव्हर लावला की निम्म्या चॅनेलांवर 'नो सिग्नल', ऊन चढलं की एकेक करून परत. पाऊस नाही, वारा नाही, डिश जागची हललेली नाही.

अशा वेळी हात आधी पान्याकडे जातो. जाऊ देऊ नका. नीट लागलेली डिश उगाच हलवली की एकाचे दोन बिघाड होतात. त्याआधी बसल्या जागी एक काम करायचं: गेलेली चॅनेलं कुठल्या ट्रान्सपाँडरवर (उपग्रहाच्या ज्या एकेका फ्रिक्वेन्सीवर चॅनेलांचा गठ्ठा येतो त्यावर) आहेत ते लिहून काढायचं. एलएनबी म्हणजे डिशसमोरचा डबा, जो उपग्रहाचा सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणून केबलमध्ये सोडतो. केयू बँडच्या (टीव्ही डिशच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्याच्या) युनिव्हर्सल एलएनबीचे चार हिस्से पडतात. रिसीव्हरने त्याला केबलमधून १३ व्होल्ट दिले की व्हर्टिकल, म्हणजे उभ्या पोलॅरिटीच्या लहरी, १८ दिले की हॉरिझाँटल, म्हणजे आडव्या. २२ किलोहर्ट्झचा टोन नसला की लो बँड, असला की हाय बँड. चारही हिस्से एकदम पडले तर डिशची दिशा, पाऊस किंवा समोर वाढलेलं झाड. नुसता हाय बँड गेला तर टोनवर संशय घ्यायचा. माझे दोन्ही बँडमधले हॉरिझाँटल गेले होते आणि व्हर्टिकल ठणठणीत. तिथेच डिश निर्दोष सुटली.

थंडीत एलएनबीचा ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी खाली आणणारा आतला भाग) सरकत असेल, अशीही शंका होती. जुन्या डीआरओ (सिरॅमिक रेझोनेटरवाल्या) एलएनबीत तापमानाबरोबर फ्रिक्वेन्सी थोडी सरकतेच. पण दोन्ही पोलॅरिटींना ऑसिलेटर तोच असतो. सरकला तर दोघींनाही घेऊन सरकेल.

खरी गंमत पुढे. गेलेल्या ट्रान्सपाँडरवर स्ट्रेंथ ८० च्या वर आणि क्वालिटी, म्हणजे सिग्नल किती नीट वाचता येतोय ते, साफ शून्य. स्ट्रेंथचा पट्टा फक्त केबलमधून किती काय येतंय एवढंच सांगतो, मग तो नुसता गोंगाट का असेना. माझ्या मते तो पट्टा स्क्रीनवर नसता तर निम्मी डोकेदुखी वाचली असती. म्हटलं, येतंय तर नेमकं काय येतंय ते बघू. हॉरिझाँटलवर ब्लाइंड स्कॅन लावला (यात रिसीव्हर सगळ्या फ्रिक्वेन्सी स्वतःच चाचपतो), तर यादी आली ती सगळी व्हर्टिकलच्या फ्रिक्वेन्सींची, आणि प्रत्येकीपुढे 'एच' छापलेलं! म्हणजे रिसीव्हर खालून १८ देतोय आणि वर एलएनबी मात्र १३ समजून बसलाय. बहुतेक एलएनबी १४ ते १५ व्होल्टच्या आसपास पोलॅरिटी बदलतात, त्यामुळे वाटेत चारेक व्होल्ट गळाले तरी एवढा घोळ होतो.

मग पहाटेच्या गारठ्यात वर जाऊन केबल एलएनबीपासून सोडवली आणि टोकाला मल्टिमीटर लावला: १८.२. आकडा देखणा, पण निरुपयोगी, कारण मीटर करंट ओढतच नाही आणि करंट नाही तर व्होल्टेजही पडत नाही. म्हणून टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर जोडला. १८ व्होल्टला तो १५० मिलिअँपिअर ओढतो, साधारण एलएनबीइतकाच. घ्यायचा तर ५ वॉटचा घ्या, चांगलाच तापतो. आणि काहीही जोडण्या-सोडण्याआधी रिसीव्हरचा प्लग काढा, केबलची मधली तार भोवतीच्या धातूच्या जाळीला टेकली तर रिसीव्हरचा सप्लाय उडू शकतो. रेझिस्टर लावताच आकडा १४ च्या खाली घसरला. तोच रेझिस्टर थेट रिसीव्हरच्या मागे लावला तर १७.९. सप्लाय धडधाकट, खोट केबलमध्ये.

केबलच्या मधोमध दोन तुकडे जोडणारा एक जुना बॅरल जॉइंट होता, टेपमध्ये गुंडाळलेला. टेप सोडली तर आतून पाण्याचा थेंब आणि हिरवट पूड. कनेक्टर फिरवून काढला, तर मधली तार टोकाशी काळी पडलेली आणि बारीक खड्ड्यांनी खाल्लेली. या केबलची मधली तार पोलादी, वर तांब्याचा मुलामा. मुलामा गेल्यावर पोलादाला गंज चढला होता. सिग्नल अशा जागेतूनही बराचसा निघून जातो, अडतो तो डीसी करंट. व्हर्टिकल ठणठणीत दिसायचं कारण हेच. पहाटेचं दव आणि गारठा त्या कुजक्या जोडाला आणखी ढिलं करत असणार.

जॉइंटच काढून टाकला. आता सलग आरजी-६ केबल, दोन्ही टोकांना कॉम्प्रेशन कनेक्टर, आणि एलएनबीच्या आधी केबलला खाली झोळ दिलाय, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथूनच गळेल. वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे फासू नका, त्यातलं ॲसिड तांबं खातं. आता लोडवर वरच्या टोकाला १७.५ मिळतात आणि पहाटेचे हॉरिझाँटल जागेवर आहेत.

एक किरकिर मात्र शिल्लक आहे. हाय बँडमधला १२.४९ गिगाहर्ट्झचा ट्रान्सपाँडर दिवसा अधूनमधून चौकोन पाडतो, शेजारचे दोन्ही स्वच्छ. हाय बँडला एलएनबी १०.६ गिगाहर्ट्झ वजा करतो, म्हणजे केबलमध्ये तो १८९० मेगाहर्ट्झला बसतो, आणि बऱ्याच देशांत डेक्ट पद्धतीचे कॉर्डलेस फोन १८८० ते १९०० मध्येच बोलतात. त्यांचा सिग्नल केबलमध्ये शिरत असेल अशी शंका आहे. फोनचा बेस रिसीव्हरला अगदी खेटून आहे. आता बेस बंद करून क्वालिटी बघायची. फरक पडला तर आधी बेस लांब हलवायचा आणि मग भिंतीपासून रिसीव्हरपर्यंतची स्वस्तातली छोटी केबल बदलायची, कारण तिची जाळी फारच विरळ दिसते.