विडी वळणाऱ्या आईचा अंगठा आणि रेशनची ई-केवायसी : माझा अनुभव

ज्यांच्या घरी विड्या वळणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या बायका नाहीतर म्हातारी माणसं आहेत त्यांनी आधी एक करा, त्यांच्या आधारला कुठला मोबाईल नंबर जोडलाय ते आजच बघून घ्या. बाकीचं पुढं सांगतेच, पण आमचं घोडं शेवटी तिथंच अडलं म्हणून हे पहिलं.

ई-केवायसी म्हणजे रेशन कार्डावरच्या प्रत्येकानं आधारवरून आपली ओळख पटवून द्यायची. घरातल्या बाकीच्यांची ती दुकानातच झाली, काहीच त्रास नाही. भाऊ कामाला पुण्यात आहे, त्यानं तिकडच्याच रेशन दुकानात अंगठा दिला, कार्ड सोलापूरचं असलं तरी चालतं. राहिली आई.

आई सोलापुरातल्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, लहानपणापासून विड्या वळते. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड बोटानंच दुमडायचं, आणि हजार विड्यांवर मजुरी. इतक्या वर्षांत बोटांवरच्या रेषा पार झिजल्यात. दुकानातल्या ई-पॉस मशीनवर (अंगठा घेऊन धान्य देतात ते) उजवा अंगठा झाला, डावा झाला, मग एकेक बोट, पुसून, ओलं करून, मशीन काही घेईना. दुकानदार चांगला आहे, म्हणाला मावशी माझ्या हातात काही नाही, रेशनच्या ऑफिसला जाऊन या.

ऑफिसात खिडकीवर सांगितलं की आधार केंद्रात जा, बोटं अपडेट करा. गेलो, रांग लावली, अपडेट केलं, थोडे दिवस थांबून परत दुकानात गेलो तर परत तेच. परत ऑफिस, तर म्हणे परत आधारला जा. आधारवाले म्हणतात आमच्याकडं अपडेट झालंय, रेशनवाल्यांना विचारा. म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि मधल्या मधे आईचे महिन्याचे ५ किलो बंद! आणि प्रत्येक वेळी तिला घेऊन जायचं म्हणजे त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या, मजुरी बुडाली, वर रिक्षाभाडं. खिडकीवर एकानं आवाज चढवून सांगितलं की मुदतीत झालं नाही तर नाव कमी होईल. आई तिथंच रडायला लागली. मला त्याचा राग अजून जात नाही. जिची बोटं कामानं झिजली तिलाच बोट लागत नाही म्हणून धान्य नाही, हा कुठला न्याय?

मग मी घरी बसून वाचलं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे, प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय (सगळ्यात गरीब घरांचं कार्ड) असेल तर कार्डाला ३५ किलो, हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. बोटं जुळली नाहीत एवढ्यावरून कुणाचं धान्य अडवू नका असं केंद्रानं राज्यांना ऑक्टोबर २०१७ मध्येच लेखी कळवलंय. पुढच्या वेळी खिडकीवर एवढंच म्हणाले, साहेब, धान्य का देत नाही ते लेखी द्या. तेव्हा आतून एक मॅडम आल्या आणि म्हणाल्या, अहो चेहऱ्यावरून पण होतं की, मोबाईलवर! हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?

मेरा ई-केवायसी नावाचं ॲप आहे, त्याच्यासोबत आधार फेस आरडी हे चेहरा ओळखायचं ॲप पण टाकावं लागतं. आधार नंबर टाकला की ओटीपी येतो, आणि आईचा ओटीपी जायचा वडिलांच्या नंबरवर, जो ते गेल्यावर बंद झालेला. म्हणून सुरुवातीला ते नंबरचं लिहिलं. आधार केंद्रात नंबर बदलायला कागद लागत नाही पण माणूस स्वतः लागतं, आणि तिथं बोटं लागली नाहीत तर डोळे स्कॅन करा म्हणून सांगा, आमचं तसंच झालं. काही रेशन दुकानांतल्या नव्या मशीनला पण डोळ्यांची सोय आहे, आधी विचारून बघा, वाचेल सगळं.

चेहरा घेताना उन्हाकडं तोंड करून दारात बसवा, चष्मा काढा, कपाळावरचा पदर मागं घ्या, आणि ॲप सांगेल तेव्हा डोळे मिचकवायचे. आईचं झालं तेव्हा आम्ही दोघी ओरडलोच! मग त्याच फोनवर गल्लीतल्या बायकांचं पण करून दिलं, प्रत्येकीचा आधारला जोडलेला फोन जवळ पाहिजे एवढंच.

अजून एक मनातलं. त्याच कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्य पण लिहिलंय, तेव्हा १ रुपया किलो ठरलं होतं. मंगळवेढ्याची ज्वारी जवळ पिकते, आई आयुष्यभर भाकरीवर जगली, तर आमच्या जिल्ह्यात दर महिन्याला ज्वारी मिळाली पाहिजे, शेतकऱ्याचा माल पण हमीभावानं उचलला जाईल.

कुणाचं अडलं असेल तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर तक्रार करा, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. आणि धान्य घेताना मशीनची पावती मागून घ्या, त्यावर किती किलो दिलं ते छापून येतं. आईच्या कार्डावर या महिन्यात पूर्ण धान्य आलं.