सभागृहातले सॅल्मन

नागपुरातील एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवते. प्रजननासाठी ओढ्यात चढणाऱ्या सॅल्मनची संख्या कशी काढतात, हा भाग दरवर्षी मुलांच्या डोक्यावरून जातो, कारण तो मासा त्यांनी पाहिलेला नसतो. (बाजारात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात खरे, पण दोघांचे नाते नाही.) भंडाऱ्याकडच्या एका विद्यार्थ्याने मात्र पहिल्याच तासाला विचारले होते, “म्हणजे आपले चढणीचे मासेच ना, मॅडम?” फरक एवढाच, की पॅसिफिक सॅल्मन समुद्रातून ओढ्यात येतो, अंडी घालतो आणि तिथेच मरतो. ओढ्यात शिरल्यापासून मरेपर्यंतच्या या मुदतीवर पुढचा सगळा हिशेब उभा असतो.

यंदा 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाचे प्रदर्शन होते. सभागृह म्हणजे ओढा आणि प्रेक्षक म्हणजे मासे, असे मानून चार गटांनी चार पद्धतींनी मोजायचे ठरवले. पहिला गट दारात नोंदवही घेऊन बसला. ओढ्यावर आडवे कुंपण घालून एका फटीतून जाणारा प्रत्येक मासा मोजतात, तसे. दुसऱ्या गटाने सज्जातून दर तासाला आतली डोकी मोजली. तिसऱ्याने सकाळी आलेल्या पहिल्या 60 जणांच्या हातावर शाईचा ठिपका दिला आणि दुपारी बाहेर पडणाऱ्यांचे हात तपासले. चौथ्या गटाला फक्त सर्वांत मोठ्या गर्दीचा आकडा धरायचा होता.

सज्जातल्या गटाला 11 ते 4 या वेळेत अनुक्रमे 0, 46, 72, 38, 60 आणि 0 माणसे दिसली. या आकड्यांच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ 216 माणूस-तास भरते. त्याला एक माणूस सरासरी किती वेळ आत राहतो त्या वेळेने भागले, की एकूण माणसे मिळतात. मुलांनी अर्धा तास धरला आणि उत्तर आले 432. ठिपक्यांचा गट याहून पुढे गेला. तपासलेल्या 80 हातांपैकी 6 हातांवर ठिपका होता, आणि एकूण गर्दीतही ठिपकेवाल्यांचे प्रमाण हेच मानले, म्हणजे 60 गुणिले 80 भागिले 6, बरोबर 800. नमुना लहान असल्यामुळे तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून शेवटी एक वजा करणारे चॅपमनचे सूत्र लावले, तरी 705 खाली उत्तर उतरेना. चौथ्या गटाचा 72 हा आकडा तर कोणी फळ्यावर लिहायलाही तयार नव्हते. आणि दारातली वही सांगत होती 262.

मुले वहीला खरे मानून मोकळी झाली होती. मी दारातल्या मुलाला एक वाजताच्या गर्दीविषयी विचारले, तेव्हा तो ओशाळला. एका शाळेची 45 मुले एकदम घुसली होती आणि त्यांतली 12 लिहून होईपर्यंत बाकीची आत पोहोचली होती. त्यावर भंडाऱ्याचा विद्यार्थी म्हणाला, “पाणी बांधावरून गेलं का मासा थांबते काय?” मोठ्या पुरात कुंपणावरून पाणी वाहते आणि मासे न मोजताच निघून जातात, नेमके तेच घडले होते. उरलेली 33 मुले धरून आकडा 295 झाला.

आता सज्जातल्या गटाने धरलेल्या अर्ध्या तासाची चौकशी झाली. तो मागच्या वर्षीच्या भित्तिपत्रक प्रदर्शनातून उचललेला होता. यंदा चालती मॉडेल्स होती, लोक रेंगाळत होते. सुदैवाने मी 40 जणांना आत येण्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी देऊन ती बाहेर पडताना परत घ्यायला सांगितले होते. त्यांची सरासरी 45 मिनिटे निघाली. 216 भागिले 0.75, म्हणजे 288. सज्जातून न दिसणाऱ्या, काळ्या पडद्यामागच्या तारांगणातली थोडी माणसे सुटली असणारच, त्यामुळे हे उत्तर किंचित कमी येणे मला रास्त वाटले. सॅल्मनच्या बाबतीतही दुसऱ्या ओढ्यावरची किंवा दुसऱ्या वर्षीची मुदत उसनी घेण्याचा मोह मोठा असतो, आणि अस्वलांनी मासे लवकर उचलले तर ती मुदत त्याच ओढ्यातही आखडते.

800 चे कोडे सुटायला संध्याकाळ झाली. सकाळचे ठिपकेवाले बहुतेक जेवायच्या वेळेआधीच घरी गेले होते. दुपारच्या नमुन्यात ते सापडणार कुठून? ठिपका असलेले आणि नसलेले सारख्याच शक्यतेने हाती लागले पाहिजेत, ही या पद्धतीची मूळ अटच मोडली होती. हंगामाच्या सुरुवातीला खूण केलेले मासे लवकर मरतात आणि मृत मासे तपासणारे लोक उशिरा पोहोचतात, तेव्हा ओढ्यावरही आकडा असाच फुगतो. त्या गटाला 800 खोडून टाकायचे होते. मी प्रात्यक्षिकाच्या वहीत तो तसाच ठेवायला लावला आणि शेजारी ठिपके दिल्याची व हात तपासल्याची वेळ लिहून घेतली.