तुम्ही विचारलंत म्हणून: उन्हाचे पीक

पाणी आणि शेती या विषयांवर बोलायला गावोगावी जातो, तेव्हा कोणी ना कोणी हमखास विचारते की, येत्या वीस वर्षांत शेतकऱ्याचे जगणे खरोखर बदलेल अशी नवी कल्पना तुमच्या मते कोणती? ड्रोनचे नाव ऐकण्याची त्यांची तयारी असते; माझे उत्तर मात्र उन्हाचे पीक हे असते, म्हणजे शेतातल्या सौर पॅनेलच्या विजेवर पंप चालवायचा आणि उरलेली वीज पिकासारखी विकायची.

माझ्या थोरल्या भावाच्या नावावर वीजजोडणी नव्हती. चुलत्यांच्या मोटारीवर पाणी घ्यावे लागे, आणि विजेची पाळी रात्रीची असली की दादा गमबूट घालून, बॅटरी घेऊन दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जात. ते परतेपर्यंत वहिनी जाग्या असत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत किमतीच्या 10 टक्के रक्कम भरून त्यांनी 5 एचपीचा पंप बसवला. आता सकाळी करंगळीएवढी धार सुरू होते, दुपारी ती मनगटाएवढी होते, ढग आला की पुन्हा बारीक होते. साप आणि बिबट्याच्या धास्तीने ज्या घरांनी रात्री काढल्या आहेत, त्यांनाच या सुटकेचे मोल कळेल.

काळजीही इथेच आहे. बिल येत नसल्यामुळे पंप बंद करायला कारणच उरत नाही. ऊन आहे तोवर उपसा चालतो आणि शेजारच्या विहिरीचा तळ दिसू लागतो.

म्हणून मला गुजरातमधील खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावाचा प्रयोग फार मोलाचा वाटतो. तिथे 2016 मध्ये सहा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने सौर पंप ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडले आणि सिंचनाला न लागलेली वीज, युनिटमागे 4 रुपये 63 पैसे दराने, वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. 5 किलोवॅटची पॅनेल लख्ख उन्हात दिवसाला साधारण 20 युनिट वीज देतात, म्हणजे पंप बंद ठेवला तर त्या दराने नव्वदएक रुपये. रक्कम लहान आहे, हे मान्य. पण पाणी जमिनीत राहू देण्याचे पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात, आणि भूजल वाचवण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी दिसलेला नाही.

दादांचा पंप ग्रीडला जोडलेला नाही. गहू निघाल्यावर पॅनेलवरचे ऊन तसेच वाया जाते. गेल्या उन्हाळ्यात ओल्या फडक्याने काचा पुसताना त्यांनी मला विचारले, “ही वीज तिकडे द्यायची, तर नुसती तारच ओढायची ना?” चुलत्यांच्या मोटारीला वीज देणारी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, दादांच्या बांधापासून चाळीस पावलांवर आहे.