संप मिटतो तेव्हा हातात कोणता कागद असतो?

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघतो आणि टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला बॅरिकेडपाशी अडतो. चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, मंत्री निवेदन घेतात, "शासन सकारात्मक आहे" म्हणतात, फोटो निघतो. रात्रीच्या गाडीने माणसं यवतमाळला, वाशिमला, गडचिरोलीला परततात. पुढच्या डिसेंबरात तेच फलक, त्याच मागण्या.

ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी, सफाई कामगार, लिपिक, अंगणवाडीतल्या ताई, आशा हे सगळे वर्षानुवर्षं इथेच अडकले आहेत. गर्दी कमी पडते म्हणून नव्हे. त्यांच्याशी बोलायला आणि बोललेलं लिहून द्यायला कायद्याने बांधलेला माणूस समोर बसतच नाही, म्हणून. गावातल्या सार्वजनिक सेवेत वाटाघाटीचा हक्क म्हणजे नेमकं काय आणि तो कुठे गळतो, ते युनियनच्या तालुका पातळीवरच्या पदाधिकाऱ्यांना माहीत असायलाच हवं.

संघटना बांधण्याचा हक्क घटनेच्या कलम १९(१)(ग) मध्ये आहे. पण त्या हक्कात सामूहिक वाटाघाटीचा किंवा संपाचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलं. २००३ मध्ये तामिळनाडूतल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात तर संपाचा नैतिक हक्कही नाही, इथवर न्यायालय गेलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे ठराव, म्हणजे संघटना-स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी, भारताने आजवर मंजूर केलेले नाहीत. सरकारची अडचण सरकारी नोकरांवरूनच आहे: हे ठराव मानले तर सेवा नियमांनी नाकारलेलं त्यांना द्यावं लागेल. त्यामुळे आपल्याकडे जे काही आहे ते साध्या कायद्यांतून आलेलं आहे, आणि साधा कायदा कुणाला लागू होतो इथेच खरी मेख आहे.

ग्रामपंचायतीचं बघा. महाराष्ट्रात १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्याने मान्यताप्राप्त संघटना ही कल्पना आणली. सलग सहा महिने ३० टक्के सभासदत्व दाखवा, औद्योगिक न्यायालयात अर्ज करा, मान्यता घ्या, मग मालकाला तुमच्याशी बोलावं लागतं. पण मान्यतेचं हे प्रकरण लागू होतं ५० किंवा जास्त कामगार असलेल्या उपक्रमाला. आपल्या गावात कामगार किती? एक लिपिक, एक शिपाई, पाणी सोडणारा एक, झाडलोट आणि दिवाबत्ती मिळून एखाद-दुसरा. प्रत्येक ग्रामपंचायत वेगळी मालक. जिल्ह्यात हजारो कामगार असले तरी कागदावर ते चार-चारच्या ढिगाऱ्यांत वाटलेले आहेत, आणि मान्यतेचं दार त्यांना बंद आहे.

मग बोलायचं कुणाशी? सरपंच म्हणतो, "भाऊ, वरून पैसे आले का देतो." गटविकास अधिकारी म्हणतात, मालक पंचायत आहे. मंत्रालय म्हणतं, आम्ही आमचा हिस्सा देतो, बाकी पंचायतीने बघावं. यात लबाडी एखाद्या माणसाची नाही, रचनेची आहे. किमान वेतनातला शासनाचा हिस्सा करवसुलीच्या टक्केवारीशी जोडलेला, राहणीमान भत्ता पंचायतीने स्वनिधीतून द्यायचा, भविष्य निर्वाह निधीतही पंचायतीने आपला वाटा टाकायचा. कोरडवाहू गावात घरपट्टी-पाणीपट्टी भरली जाते ती कापूस विकल्यावर, डिसेंबर ते मार्चमध्ये. बोंडअळीने किंवा अतिवृष्टीने हंगाम बुडाला की वसुली बुडते आणि त्याची शिक्षा नळाचा व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याच्या पगाराला होते. पीक कसं आलं यावर सरकारी कामाचा पगार ठरणं ही उघड अन्यायाची गोष्ट आहे. कलेक्टर कचेरीतल्या कारकुनाचा पगार कधी वसुलीवर ठरला आहे का?

म्हणून मागणीपत्र लिहिताना "थकीत वेतन द्या" असं मोघम लिहू नका. प्रत्येक गावाचा वेगळा तक्ता करा: कामगार, पद, रुजू झाल्याची तारीख, आणि महिन्यागणिक किमान वेतन, राहणीमान भत्ता आणि निर्वाह निधी यांच्या तीन वेगळ्या थकबाक्या. तिन्हींत कुणी किती द्यायचं ते वेगळं असल्यामुळे एकत्र आकडा दिला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. तक्ता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) तपासून सहीने घ्या. सही नाकारली तर आवक नोंदवहीत द्या आणि पोच घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पत्रावर विसंबून राहू नका, पुढे सुनावणीत त्याच्यावरच पहिला वाद होतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. १९२६, १९४६ आणि १९४७ चे तीन केंद्रीय कायदे तिने रद्द केले. राज्याचा १९७१ चा कायदा त्या यादीत नाही, म्हणून दोन्हींचं पथ्य पाळणं शहाणपणाचं. संहितेत हजेरीपटावरचे ५१ टक्के सभासद असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. तेवढे कुणाकडेच नसतील तर किमान २० टक्के असलेल्या संघटनांची परिषद बसते. चार कामगारांच्या पंचायतीत ५१ टक्के म्हणजे तीन माणसं. जिल्हा संघटना नोंदलेली असेल तर हे आकडे गावागावात गाठता येतील, पण त्यासाठी सभासद नोंदवही गाववार हवी. बहुतेक संघटनांची नोंदवही तालुक्याची एकच असते आणि वर्गणीच्या पावतीवर तारीखही नसते. अशी नोंदवही कुठल्याच सुनावणीत टिकत नाही.

संपाच्या नोटिशीत सर्वात जास्त चुका होतात. नोटीस मालकाला द्यायची, म्हणजे प्रत्येक ग्रामपंचायतीला. तहसीलदाराला दिलेलं निवेदन म्हणजे नोटीस नव्हे. गटविकास अधिकारी आणि सहायक कामगार आयुक्त यांना प्रत द्या. पोचल्यापासून पूर्ण १४ दिवस जाऊ द्या: १ तारखेला पोचली तर १६ च्या आत काम थांबवू नका. नोटीस ६० दिवसांनी शिळी होते, त्यामुळे संप पुढे ढकलत बसलात तर नवी द्यावी लागते. समेट अधिकाऱ्याने (वादात तोडगा काढणारा कामगार खात्याचा अधिकारी) पहिली बैठक घेतली की कार्यवाही सुरू झाली असं धरलं जातं. ती चालू असताना आणि संपल्यावर ७ दिवस संप बेकायदा. एवढं करण्यापेक्षा सगळ्यांनी एकदम किरकोळ रजा टाकावी, ही जुनी युक्ती आता चालत नाही: निम्मे किंवा जास्त कामगार एकाच दिवशी रजेवर गेले तर तो संपच मानला जातो. बेकायदा संपाचा दंड १९४७ च्या जुन्या कायद्यात ५० रुपयांपर्यंत होता, संहितेत तो १,००० ते १०,००० रुपये आहे, एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. ज्याचा पगारच सहा-सहा महिने थकतो त्याच्यासाठी हा आकडा लहान नाही.

आणि पाणी बंद करू नका. एप्रिल-मेमध्ये विदर्भात टाकीचं पाणी थांबलं की दुसऱ्या दिवशी गाव संपाच्या विरोधात उभं राहतं, सरकारला बोलावंच लागत नाही. दप्तर थांबवा, दाखले थांबवा, ऑनलाइन नोंदी थांबवा. त्या थांबल्याचा त्रास वरच्या कचेरीला होतो, बायांच्या हंड्यांना नाही.

अंगणवाडी ताई आणि आशांची गोष्ट आणखी बिकट. त्यांचं मानधन, त्यांचं पद मानसेवी. अंगणवाडी सेविकेचं पद नागरी सेवेतलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्या प्रकरणात म्हटलं, पण २०२२ मध्ये गुजरातच्या प्रकरणात त्यांना उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) कायदा लागू होतो असंही सांगितलं. त्या निकालाची प्रत प्रत्येक मागणीपत्राला जोडायला हवी. सरकारचा दुटप्पीपणा मार्च २०१८ मध्ये उघडा पडला. पगाराच्या वेळी "तुम्ही कर्मचारी नाही" म्हणणाऱ्या शासनाने त्यांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, म्हणजे मेस्मा, लावला. सत्तेत असलेल्या शिवसेनेसह विधानसभेत एवढा विरोध झाला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. सेवा अत्यावश्यक असेल तर सेवा देणारी कर्मचारी का नाही, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही पक्षाच्या सरकारने दिलेलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला ताईंचा संप सात आठवड्यांच्या वर चालला, तेव्हाही प्रश्न हाच होता. आणि मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी सात दिवस संपावर गेले, तेव्हा मेस्माचं नवं विधेयक संपाच्या तोंडावरच मंजूर झालं होतं.

आता शेवटच्या कागदाकडे. बैठक संपल्यावर साधारण तीन प्रकारचे कागद मिळतात. पहिला, मंत्र्यांच्या दालनातल्या बैठकीचं इतिवृत्त. "तपासून कार्यवाही करावी" असं वाक्य असेल तर त्यातून काहीच निघत नाही. कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेपर्यंत, काय करायचं, हे असलं तरच त्याचा पाठपुरावा होतो. दुसरा, समेट अधिकाऱ्यासमोर झालेला समझोता. हा सर्वात पक्का. तो संघटनेत नसलेल्यांनाही बांधतो, नंतर नेमलेल्यांनाही बांधतो, आणि तो न पाळणं ही १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा आहे. राजकीय नेत्यांना तो नको असतो, कारण दालनात दिलेला शब्द फिरवता येतो, हा नाही. तिसरा, शासन निर्णय. तो हातात पडला की आनंदाने फटाके फोडण्याआधी शेवटचा परिच्छेद वाचा. वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक आणि तारीख आहे का? खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून, हे लिहिलं आहे का? हे नसेल तर तो निर्णय जिल्हा परिषदेत पोचेल, पैसे पोचणार नाहीत.

त्यातच मोर्च्याच्या वेळेचंही गणित आहे. पुरवणी मागण्या, म्हणजे सरकारच्या जादा खर्चाचे प्रस्ताव, अधिवेशनात बहुधा पहिल्याच दिवशी सभागृहात मांडल्या जातात. दुसऱ्या आठवड्यात टी-पॉइंटवर पोचलेल्या मोर्च्याला आश्वासन मिळतं, तरतूद मिळत नाही, कारण त्या मागण्यांची पुस्तिका आधीच छापून झालेली असते. आकड्यांचा तक्ता विभागाकडे दिवाळीच्या आधी जायला हवा. मोर्चा हवाच, पण अधिवेशनाच्या आधी फाईल वित्त विभागात कुठल्या टेबलावर आहे ते माहीत करून मग माणसं जमवा.

संप मागे घेण्याच्या पत्रात तीन ओळी विसरू नका: संपाचे दिवस कोणत्या रजेत धरले जातील, त्या काळातल्या नोटिसा आणि सेवासमाप्तीचे आदेश मागे घेतले का, आणि थकबाकी कोणत्या तारखेपर्यंत. समझोता पाळला गेला नाही तर मोडल्याच्या तारखेपासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायालयात तक्रार करावी लागते. सही झाली त्याच दिवशी थकबाकीची ठरलेली तारीख आणि तिच्यापुढचे ९० दिवस कधी संपतात ते नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण "पुढच्या अधिवेशनात बघू" म्हणता म्हणता हेच ९० दिवस निघून जातात.