तक्रारीच्या आधीचे समुपदेशन

पती-पत्नींमध्ये बेबनाव झाला तर आपल्याकडे मदतीच्या जागाच नाहीत, असे म्हणता येणार नाही. जागा पुष्कळ आहेत, पण त्यांचे दरवाजे फार उशिरा उघडतात. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यातील कलम ९ नुसार न्यायालयाने प्रथम समेटाचा प्रयत्न करायचा असतो आणि त्यासाठी विवाह समुपदेशक नेमलेले असतात. मात्र त्यांच्यासमोर बसण्याची वेळ सामान्यतः दावा दाखल झाल्यावरच येते. त्याच वर्षी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईत पोलिसांच्या सोबतीने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. असे कक्ष आणि नागपूर-पुण्यातील पोलिसांचे भरोसा सेल यांचे काम मोलाचे आहे, पण तिथे जाणाऱ्या बाईच्या हातात बहुतेक वेळा तक्रार अर्ज असतो. गावात २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेची समिती आहे, तिच्याकडे जायचे तर आधी तंटा हवा. समुपदेशन म्हणजे घटस्फोटाच्या अलीकडचा थांबा, अशी जी समजूत आपल्या समाजात घट्ट बसली आहे, ती निव्वळ अज्ञानातून आलेली नाही. व्यवस्थाच तशी रचलेली आहे.

आमच्याकडे तक्रार करण्यासारखे काही घडलेले नव्हते, आणि अडचण नेमकी तीच होती. मी बार्शीत एका खासगी अनुदानित शाळेत शिकवते. माझे पती चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करतात. अशा शाळेतील कायम शिक्षिकेला दुसऱ्या जिल्ह्यातील संस्थेत सहजासहजी बदली मिळत नाही, आणि राजीनामा दिल्यास पुण्यात पुन्हा कायम नोकरी मिळेल याची खात्री कोणी देत नाही. त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते आणि सुट्टी गुरुवारी असते. माझी सुट्टी रविवारी. सासू-सासरे आणि मुलगी माझ्याजवळ राहतात. घराचे हप्ते, सासऱ्यांचे औषधपाणी, धाकट्या दिरांना दिलेले पैसे अशा एखाद्या विषयावर फोनवर सुरू झालेले बोलणे भांडणावर जाऊन अर्ध्यातच तुटायचे, आणि मग कितीतरी दिवस आम्ही केवळ मुलीच्या मार्फत बोलत असू. मारहाण नाही, व्यसन नाही, तिसरी व्यक्ती नाही. अशा संसाराकडे बाहेरून पाहणारा माणूस ‘सगळं ठीक तर आहे’ असेच म्हणणार. (हे सारे मी पतींच्या संमतीने लिहीत आहे. मजकूर त्यांनी वाचला आहे आणि एक परिच्छेद त्यांच्या सांगण्यावरून गाळला आहे.)

माहेरी कुणकुण लागली तेव्हा वडिलांनी बैठक घ्यावी असे सुचवले. दोन्हीकडची वडीलधारी माणसे, एखादे मामा आणि लग्न जमवणारे मध्यस्थ येतात, चहा होतो, दोघांना समोर बसवून विचारले जाते, आणि शेवटी कोणाचे चुकले याचा निवाडा करून ‘आता मागचं काढायचं नाही’ असे बजावत सगळे उठतात. या पद्धतीला मी सरसकट नावे ठेवणार नाही. तिने अनेक संसार सावरले आहेत. शिवाय ती जवळची, बिनखर्चाची आणि आपल्या भाषेतली आहे. परंतु ज्या प्रश्नात चूक कोणाचीच नाही तिथे निवाडा निरुपयोगी ठरतो, आणि बैठकीत तोंडातून गेलेले एखादे वाक्य पुढे वर्षानुवर्षे प्रत्येक लग्नकार्यात उगाळले जाते. सासऱ्यांच्या औषधांच्या खर्चाविषयी त्यांच्याच समोर बसून मी काय बोलणार होते?

मग तज्ज्ञ शोधायचे ठरवले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशात एक लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ भरत नसल्याचे, म्हणजे सरासरी ०.७५ असल्याचे नोंदले आहे, आणि हे थोडेसे तज्ज्ञही प्रामुख्याने शहरांत एकवटलेले आहेत. तालुक्याच्या गावी एखादे डॉक्टर मिळाले तरी त्यांच्या दवाखान्यात नैराश्य, स्किझोफ्रेनिया, व्यसने अशा आजारांच्या रुग्णांची रीघ असते; दोघा नवरा-बायकोंचे तासभर ऐकून घेणे हे वेगळ्या प्रशिक्षणाचे काम आहे आणि त्यांच्याकडे तेवढा वेळही नसतो. पैशांची बाजूही अशीच. मानसिक आजारांच्या उपचारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याची सोय असावी, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात म्हटले आहे. पण नवरा-बायकोचे न पटणे हा आजार नाही, तो समजला जाऊही नये, आणि म्हणून त्याचा खर्च पूर्णपणे खिशातून करावा लागतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य उपलब्ध आहे. एकट्या माणसाला रात्री-अपरात्री धीर देण्यासाठी ती उत्तम आहे, पण दोघांना एकत्र घेऊन महिनोन्महिने चालणाऱ्या कामासाठी ती योजलेली नाही.

सर्वांत मोठा अडथळा मात्र घरातलाच होता, कारण या कामाला दोघांची तयारी लागते. ‘मला काही झालेलं नाही’ हे पतींचे पहिले उत्तर अपेक्षितच होते, पण खरे आक्षेप नंतर हळूहळू बाहेर आले. परक्या माणसासमोर बसून आपल्या आईची उणीदुणी काढणे त्यांना पटत नव्हते. समुपदेशक बाई असली तर ती माझीच बाजू घेणार, असेही त्यांना वाटत होते. तिसरे म्हणजे, बार्शीसारख्या गावात कोणाची गाडी कोणत्या दवाखान्यासमोर उभी होती हे संध्याकाळपर्यंत घरी कळते. यातला केवळ तिसरा आक्षेप ऑनलाइन समुपदेशनामुळे मिटला. उरलेल्या दोहोंवर माझ्या समजावण्याचा काही उपयोग झाला नाही. शेवटी ज्यांची निवड केली त्या समुपदेशक बाईंनी पहिले संभाषण पतींशी एकट्यानेच करायचे सुचवले, मी त्यात नसेन हे स्पष्ट केले, आणि त्या संभाषणानंतर ते तयार झाले. तिथे काय बोलणे झाले ते मी आजवर विचारलेले नाही.

समुपदेशक निवडताना आपण पुरेसे सावध नसतो, असे माझे मत झाले आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि ती पडताळता येते. परंतु ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाला अशी नोंदणी आवश्यक नसल्यामुळे चार आठवड्यांचा अभ्यासक्रम केलेली व्यक्ती आणि दहा वर्षे जोडप्यांसोबत काम केलेली व्यक्ती संकेतस्थळावर शेजारी शेजारी, सारख्याच हसऱ्या छायाचित्रांसह दिसतात. मानसशास्त्र आणि समुपदेशनाशी संबंधित व्यवसायांना २०२१ च्या संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात स्थान मिळाले आहे, पण म्हणून गिऱ्हाइकाने निर्धास्त व्हावे अशी स्थिती नाही. पदवी कोणती, जोडप्यांसोबत काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, स्वतःच्या कामावर ज्येष्ठ तज्ज्ञांचे मार्गदर्शन घेता का, एकाने एकांतात सांगितलेली गोष्ट दुसऱ्यापासून लपवून ठेवणार का, हे प्रश्न मी फोनवरच विचारले. एका ठिकाणी या प्रश्नांचा राग आला, आणि तिथे आमचा शोध पुढे सरकला. भाषेचा मुद्दाही होताच. बहुतेक मोठ्या ॲपवर इंग्रजी किंवा हिंदीत बोलणारे तज्ज्ञ सहज मिळतात, मराठीत बोलणारे शोधावे लागतात. आम्ही भांडतो मराठीत, तेही सोलापूरकडच्या मराठीत. त्यातला टोमणा हिंदीत समजावून सांगायला बसले तर सत्राचा निम्मा वेळ त्यातच जाईल.

पडद्यावरून हे काम कसे चालते याविषयी मला बरीच शंका होती. आमच्या बाबतीत माणसे तिघे आणि ठिकाणेही तीन: समुपदेशक पुण्यात, पती चाकणला आणि मी बार्शीत. समोरासमोर बसायचे म्हटले असते तर मला एसटीने पाचएक तास जायला आणि तितकेच परतायला लागले असते, म्हणजे प्रत्येक सत्रामागे एक रजा. तेव्हा आमच्यासाठी ऑनलाइन हा दुय्यम पर्याय नव्हता, एकमेव होता. प्रश्न जागेचा आला. ऑनलाइन समुपदेशन घरी बसून करता येते असे जाहिरातीत सांगतात, पण ज्या घरात दार लावून घेतले की ‘काय गं, बरं नाही का?’ अशी हाक येते, तिथे सासूबद्दल बोलायला जागा कुठून आणायची? पती तिघांच्या खोलीत राहत असल्यामुळे गच्चीवर जाऊन बसत. मी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन शाळा सुटल्यावर ग्रंथालयात थांबत असे. थांबण्याचे कारण म्हणून ‘ऑनलाइन प्रशिक्षण’ असे सांगितले होते, आणि शिक्षकांच्या नशिबी अशी प्रशिक्षणे इतकी असतात की कोणाला संशय आला नाही.

समुपदेशक बाईंनी सुरुवातीलाच काही नियम ठरवून घेतले. कॅमेरा दोघांचाही चालू राहील. आवाज बंद करण्याचे बटण कोणी वापरणार नाही, कारण भांडणात ते बटण दाबणे म्हणजे दार आपटण्यासारखेच असते. नेटवर्क गेले तर ज्याचा संपर्क तुटला त्याला त्या स्वतः फोन करतील. हा शेवटचा नियम मला आधी किरकोळ वाटला होता. पण एकदा हप्त्यांच्या विषयावर बोलताना पतींचे चित्र गोठले, तेव्हा ‘यांनी मुद्दामच बंद केले’ हा विचार माझ्या मनात किती झटकन आला ते पाहून मला त्याचे महत्त्व कळले. चालू सत्रात स्वतःचे चित्र दिसणार नाही अशी सोय करायलाही त्यांनी सांगितले, कारण रागावलेला माणूस स्वतःचा चेहरा पाहू लागला की समोरच्याचे ऐकणे सोडून देतो. पडद्याचा एक फायदा मात्र अनपेक्षित होता. घरी आम्ही भांडत असू तेव्हा एक जण स्वयंपाकघरात आणि दुसरा बाहेरच्या खोलीत असे. इथे मी बोलत असताना त्यांचा चेहरा सबंध वेळ माझ्यासमोर होता, आणि पैशांचा विषय निघाला की ते रागावत नसून घाबरत आहेत हे मला तिथे प्रथम दिसले. तोटाही खरा आहे. सत्र संपते तेव्हा मन उघडे पडलेले असते, आणि पुढच्या मिनिटाला मी कपाटांच्या मधोमध एकटी आणि ते गच्चीवर एकटे. त्या रात्री एकमेकांना फोन करून सत्रातला विषय पुढे चालवायचा नाही, असे बंधन समुपदेशक बाईंनी घातले होते आणि ते फार उपयोगी पडले.

वैवाहिक समेट पडद्यावरून होऊ शकतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयातही झालेला आहे. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने असे ठरवले की, वैवाहिक खटला दुसऱ्या गावी वर्ग करण्याच्या अर्जावर व्हिडिओद्वारे सुनावणीचा आदेश देऊ नये. समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरल्यावर आणि दोन्ही पक्षांनी एकत्र अर्ज केल्यावर कुटुंब न्यायालयाला तशी मुभा देता येईल. समेटासाठी दोघांनी प्रत्यक्ष हजर असणे आणि गुप्तता राखली जाणे आवश्यक आहे, हा त्यामागील विचार होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे मत वेगळे पडले. तंत्रज्ञानाला असे दार बंद करू नये, असा त्यांचा रोख होता. तीन वर्षांच्या आत कोरोनाची साथ आली आणि न्यायालयेच पडद्यावर गेली. मला बहुमताची गुप्ततेविषयीची काळजी अगदीच अनाठायी वाटत नाही, कारण पडद्यापलीकडे कोण उभे आहे हे खरोखरच दिसत नाही.

गुप्ततेविषयी आणखी दोन गोष्टी इथे नोंदवायला हव्यात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘बेटरहेल्प’ या मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर ग्राहकांची माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी पुरवल्याचा ठपका ठेवला, आणि ७८ लाख डॉलर भरण्याची अट घालून ते प्रकरण मिटवले गेले. त्यामुळे ॲपवर नाव नोंदवताना जी लांबलचक प्रश्नावली भरतो ती कोणाकडे जाते, हे विचारणे वावगे नाही. दुसरे म्हणजे, पती-पत्नींपैकी एकाने गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. तो निकाल समुपदेशनाच्या सत्रांविषयी नव्हता, पण मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणे किती सोपे आहे हे ठाऊक असलेल्या माणसाच्या मनात भीती येणारच. आमच्याकडून ‘कोणीही सत्राचे मुद्रण करणार नाही’ असे लेखी घेतले गेले. असा कागद किती टिकाऊ असतो हे वकील सांगू शकतील. आम्हाला मोकळेपणाने बोलण्यासाठी तो पुरेसा होता.

जिथे मारहाण, धमकी किंवा सततची पाळत आहे, तिथे मात्र हा पर्याय सुचवू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. ज्या बाईचा फोन नवरा तपासतो ती त्याच्याच शेजारी बसून खरे कसे सांगेल, आणि सांगितले तर पडदा बंद झाल्यावर तिचे रक्षण कोण करील? म्हणूनच चांगले समुपदेशक सुरुवातीला दोघांशी स्वतंत्रपणे बोलतात आणि हा प्रश्न थेट विचारतात. अशा घरासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे आणि त्याखालील संरक्षण अधिकारी आहेत. तिथे तक्रारीपासून सुरुवात करणे हेच योग्य.

आम्ही एका सत्राचे १५०० रुपये देत होतो. शिक्षिका आणि कामगार यांच्या घरात ही रक्कम जाणवते, म्हणून सुरुवातीचे काही महिने सोडल्यास सत्रांमधील अंतर आम्ही वाढवत नेले. कमी शुल्कात काम करणाऱ्या संस्थाही आहेत, पण तिथे प्रतीक्षायादी असते आणि संध्याकाळच्या वेळा आधी भरतात. बार्शी आणि चाकण यांमधील अंतर समुपदेशनाने कमी झालेले नाही, आणि दिरांच्या पैशांचा हिशोब अजून चालूच आहे. फरक इतकाच की तो आता मुलीच्या मार्फत न होता गुरुवारी रात्री आम्ही दोघे थेट बोलून करतो. पुढच्या जूनमध्ये मुलगी अकरावीला जाईल. तिला पुण्यात ठेवायचे का, हा सध्याचा विषय आहे, आणि त्यावर आमचे एकमत झालेले नाही.